वाचकांचे प्रश्न: बाखची बाजू, मोझार्टची बाजू

या खेपेला बडोद्याहून आलेल्या पत्रांतली बरीचशी पाश्चात्य अभिजात संगीताबद्दल आहेत. वाद जुनाच आहे. बरोक काळ सरस (ढोबळमानाने १६०० ते १७५०, बाख, हँडल, विवाल्डी), की त्यानंतरचा क्लासिकल काळ (१७५० ते १८२० च्या आसपास, हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन)? जागेअभावी पत्रे आखडती घेतली आहेत. खाली 'क्लासिकल' म्हटले आहे ते या दुसऱ्या काळापुरतेच. आपल्या रागसंगीताशी गल्लत नको.

प्रश्न: आमचे छोटे श्रवणमंडळ आहे. गेल्या बैठकीत चांगलीच जुंपली. एका गटाचे म्हणणे असे की, बाखनंतर संगीत सोपे आणि गोडगोड झाले. मोझार्ट म्हणजे दिवाणखान्यातली करमणूक. दुसरा गट म्हणतो, बरोक म्हणजे शिवणयंत्र; एकदा सुरू झाले की थांबत नाही, भावना नाही, नुसते गणित. तुम्हीच निवाडा करा.
— दांडिया बाजार

उत्तर: निवाडाच हवा असेल तर पहिला गट जास्त चुकतो आहे. पण दुसऱ्या गटाची तक्रार आधी घेऊ, कारण तिच्यात दोष बाखचा कमी आणि ऐकणाऱ्याचा (कधीकधी वाजवणाऱ्याचा) जास्त असतो.

बरोक रचनेत एका भागाचा भाव सहसा एकच असतो. सुरुवातीला जो धरला तो शेवटपर्यंत. त्यामुळे 'आता काहीतरी वेगळे येईल' म्हणून वाट बघत बसलेला माणूस कंटाळतो. जे घडते ते आत घडते, आणि बरेचसे खाली. संगीतकार पुष्कळदा वरची सुरावट आणि खर्जाची ओळ एवढेच लिहायचा. खर्जाच्या स्वरांवर आकडे असत. ६ असला तर त्या स्वरापासून तिसरा आणि सहावा स्वर जोडायचा. ७ असला तर सातवाही घ्यायचा. आकडाच नसला तर तिसरा आणि पाचवा. मधली भर हार्पसिकॉर्ड (पियानोपूर्वीचे पट्ट्यांचे तंतुवाद्य) किंवा ऑर्गन वाजवणारा जागच्या जागी घालायचा आणि खालची ओळ चेलो धरून ठेवायचा. याला कंटिन्युओ म्हणतात. ही ओळ सहसा थांबत नाही, म्हणून रचनाही थांबत नाही. कान फक्त वरच्या सुरावटीवर असेल तर ती न संपणारी धावपळ वाटते. कान खाली गेला की प्रत्येक स्वराला वरची मंडळी कसा जाब देतात ते ऐकू येते, आणि कंटाळा जातो.

वाजवणाऱ्याचा दोष असा: हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या देठाचा बारीक तुकडा तार छेडतो. बोट जोरात मारा की हळू, आवाज जवळजवळ तेवढाच. मग स्वराला उठाव कसा द्यायचा? आधीचा स्वर किंचित लवकर सोडून, किंवा महत्त्वाचा स्वर केसभर उशिरा घेऊन. हे न करता सगळे स्वर एकसारख्या लांबीचे, एकमेकांना चिकटवून वाजवले की यंत्र तयार होते. असे वादन बाजारात भरपूर आहे आणि तुमच्या दुसऱ्या गटाने बहुधा तेच ऐकले असावे. त्यांना बाखचा ब्रांडेनबर्ग कन्चर्टो क्रमांक ५ ऐकवा (कन्चर्टो म्हणजे एक-दोन वाद्ये पुढे आणि वृंद साथीला अशी रचना; सहा कन्चर्टोंचा हा संच बाखने १७२१ मध्ये अर्पण केला). पहिल्या भागाच्या शेवटाकडे बाकीची वाद्ये गप्प होतात आणि हार्पसिकॉर्ड एकटे ६५ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) सुटते. गणित म्हणावे असे त्यात काही नाही. जवळजवळ बेभान आहे ते.

आता पहिला गट. क्लासिकल काळात बदलले ते हे की एकाच भागात विरोधी भाव शेजारी शेजारी आले. सुरावट छोट्या वाक्यांची झाली, बहुतेक दोन-दोन आणि चार-चार बारांची. वाक्य संपते, श्वास घेतला जातो, दुसरे सुरू होते. खर्जाची ओळ मागे सरून साथीला बसली. आणि षड्ज हलवणे, म्हणजे एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाऊन परत येणे, ही रचनेची मुख्य घटना झाली. बरोकमध्येही षड्ज हलतो, पण वाटेत, न सांगता. इथे तो वाजतगाजत हलतो.

यातून काय साधते ते हायडनच्या १७८१ च्या ओपस ३३ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या (चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या) शेवटच्या भागात बघा. मुख्य सुरावट पूर्ण होते असे वाटते. मग तिचे तुकडे येतात, मध्ये विश्रांती सोडून. श्रोता टाळीसाठी हात उचलतो तेवढ्यात पुढचा तुकडा. मग लांब शांतता, आणि अगदी शेवटी सुरावटीची फक्त सुरुवात, हळू आवाजात. संपले! ही थट्टा जमते कारण वाक्य कुठे पुरे होणार हे श्रोत्याला आधीच कळत असते. अखंड चालणाऱ्या बरोक ओळीत अशी थट्टा करायला जागाच नाही. हे उथळपण नव्हे, वेगळे कौशल्य आहे.

बदल का झाला याची कारणेही बघावीत, नाहीतर सगळे 'अभिरुची घसरली' या खात्यावर पडते. क्रिस्टोफोरीने फिरेन्झेत १७०० च्या सुमारास हातोडीने तार वाजवणारे वाद्य केले, पण पियानो घरोघरी पोचायला अर्धशतकाहून जास्त लागले. तो पोचल्यावर एकाच हाताने हळू आणि मोठा आवाज काढता आला आणि विरोधी भाव शेजारी ठेवणे सोपे झाले. जर्मनीतल्या मानहाइमच्या वाद्यवृंदाने आवाज हळूहळू चढवत नेण्याची शिस्त बसवली. चर्च आणि दरबार यांच्या जोडीला तिकीट काढून येणारा श्रोता आला. हायडनने तीसेक वर्षे एस्टरहाझी घराण्याची चाकरी केली आणि नंतर लंडनच्या जाहीर मैफलींसाठी शेवटच्या बारा सिंफनी लिहिल्या. घरी वाजवणारे हौशी लोक छापील संगीत विकत घेऊ लागले, त्यांना कंटिन्युओचे आकडे नको होते, दोन हातांना झेपेल अशी सुरावट हवी होती.

आणि हा वाद बाखच्या हयातीतच सुरू झाला होता. १७३७ मध्ये शाइबे नावाच्या टीकाकाराने बाखचे संगीत गुंतागुंतीचे आणि अनैसर्गिक आहे असे छापून आणले. बाखची मुलेच नव्या शैलीत लिहू लागली: कार्ल फिलिप एमान्युएल बर्लिन आणि हँबर्गमध्ये, योहान ख्रिश्चियन लंडनमध्ये. दुसऱ्याने तर लहानग्या मोझार्टवर मोठा प्रभाव टाकला. तेव्हा 'बाखनंतर' म्हणून जी घसरण सांगितली जाते तिच्या मुळाशी बाखचेच घर आहे.

उलट मोझार्टने १७८२ मध्ये व्हिएन्नात बॅरन फान स्वीटनकडे बाख आणि हँडलच्या रचना वाजवल्या, तपासल्या. १७८९ मध्ये हँडलच्या 'मसायह'ची नव्या वाद्यांसाठी मांडणी केली. १७८२ च्या अभ्यासाचे फळ १७८८ च्या ४१ व्या सिंफनीत, म्हणजे 'ज्युपिटर'मध्ये आहे. शेवटच्या भागाच्या अगदी शेवटच्या मिनिटा-दीड मिनिटात पाच वेगवेगळ्या सुरावटी एकमेकींवर चढवलेल्या आहेत. दिवाणखान्यातली करमणूक म्हणणाऱ्यांनी हा तुकडा तीनदा ऐकावा: एकदा व्हायोलिन, एकदा चेलो-बास, एकदा शिंगवाद्ये.

पुढच्या बैठकीसाठी क्रम: बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सुइटमधला (वाद्यवृंदासाठीच्या रचनांच्या संचातला) 'एअर' (पाचेक मिनिटे). पहिल्यांदा फक्त खालची ओळ ऐकायची; चेलो प्रत्येक स्वर दोन सप्तकांत घेत पायरी पायरीने उतरतो. दुसऱ्यांदा सगळे. मग ब्रांडेनबर्ग ५ चा पहिला भाग. चहा. मग हायडनच्या क्वार्टेटचा शेवट, काही न सांगता. शेवटी ज्युपिटरचा चौथा भाग. रेकॉर्ड थांबवून थांबवून बोलू नये. बरोकमध्ये मध्येच थांबवले की ऐकण्याचा धागा तुटतो, आणि मग शिवणयंत्राची तक्रार पुन्हा येते.

प्रश्न: आम्हा दोघा भावांना पेटी येते, पाश्चात्य नोटेशन येत नाही. हा फरक पेटीवर वाजवून समजेल का? कुठला तुकडा घ्यावा?
— रावपुरा

उत्तर: समजेल, आणि नुसते ऐकून समजेल त्याहून चांगला. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर अडकतो, म्हणून एकट्याला दोन ओळी जमत नाहीत. तुम्ही दोघे आहात ते उत्तम. दोन पेट्या घ्या, दोघांचाही सा पांढरी एक. पायपेटी असेल तर एकालाही जमेल.

आधी बाखचे पहिले 'इन्व्हेंशन'. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या दोन ओळींच्या पंधरा रचनांपैकी ही पहिली. १७२३ च्या सुवाच्य प्रतीत ती आहे. सगळी २२ बारांची. एका बारात चार मात्रा, एका मात्रेत चार स्वर धरा. पहिला बार असा:

पहिली पेटी: –सारेग | मरेगसा | पऽसांऽ | नीऽसांऽ
दुसरी पेटी: –––– | –––– | –सारेग | मरेगसा

आडवी रेघ म्हणजे रिकामी जागा. दुसरी पेटी एक सप्तक खाली. म्हणजे सम रिकामी आहे, आकृती समेनंतर उठते. पहिला भाऊ प वर पोचला की त्याच मात्रेत, पाव मात्रा सोडून, दुसरा तीच आकृती उचलतो. नव्वद टक्के गडबड इथेच होते: दुसरा भाऊ प बरोबरच सा लावून मोकळा होतो. आधी पेटी बाजूला ठेवून हाताने टाळी देत बोल म्हणा, मग बोटे.

चौथ्या मात्रेकडे नीट लक्ष द्या. पहिला नी धरून आहे आणि दुसरा म वरून रे वर जातो. म आणि नी यांचा एकत्र आवाज टोचतो, आणि अर्ध्या मात्रेत सां-ग वर मिटतो. हे सारखे टोचणे आणि मिटणे हेच बरोकचे इंजिन आहे. पेटीवाल्याची सवय म्हणजे सा दाबून ठेवणे. इथे ती मोडावी लागेल. सा धरला की टोचणेही बुजते आणि मिटणेही. दुसरी सवय समेवर भात्याला झटका देण्याची. इथे सम रिकामी आहे, झटका दिला की पुढचा सारेग फुगतो. भाता संथ, सारखा.

दुसऱ्या बारात तीच आकृती प वरून येते: प ध नी सां ध नी प. तिसऱ्यापासून गंमत. आता आकृती उलटी होते. जिथे चढत होती तिथे उतरते. पहिल्या पेटीत, तार सप्तकातून खाली येत, चार वेळा:

ध प म ग प म ध
म ग रे सा ग रे म
रे सा नी ध सा नी रे
नी ध प म ध प नी

चौथ्या ओळीतला म तीव्र आहे. कुणी काही जाहीर केले नाही, लय हलली नाही, पण तीव्र म आला आणि सा आपली जागा सोडून प कडे सरकू लागला. सातव्या बाराच्या समेवर प हाच नवा सा होऊन बसलेला असतो. (दुसऱ्या पेटीत कुठे कुठे फार खालचा प लागतो. पेटीवर तो नसेल तर वरचा घ्या, बिघडत नाही.)

आता मोझार्टचा १७८८ मधला सी मेजर सोनाटा, क्रमांक के. ५४५. त्याने तो नवशिक्यांसाठी म्हणून नोंदवला आहे. पहिले दोन बार:

पहिली पेटी: सा दोन मात्रा, ग एक, प एक | मंद्र नी दीड मात्रा, मग पटकन सा रे, सा एक मात्रा, एक मात्रा गप्प
दुसरी पेटी: सापगप सापगप | रेपमप सापगप

दुसऱ्या पेटीत प्रत्येक स्वर अर्ध्या मात्रेचा. आता दोन्ही रचनांतली दुसरी पेटी एकेकटी वाजवून बघा. बाखची एकटीसुद्धा सुरावट वाटते, तिला तोंड आहे. मोझार्टची एकटी वाजवली तर नुसती साथ. तिच्यात ऐकण्यासारखे काही नाही. इथे बाखवाले टाळी पिटतात. पण लगेच पहिली पेटीही एकेकटी वाजवा. मोझार्टचा सा ग प, नी सारे सा हा एवढासा तुकडा साथीशिवायही पूर्ण उभा राहतो, प्रश्न विचारतो, शेवटी गप्प बसतो. बाखची वरची ओळ एकटी पुढे पुढेच जात राहते, उत्तर खालून येईपर्यंत. एकाने काम दोन ओळींत सारखे वाटले, दुसऱ्याने एका ओळीला सगळे देऊन दुसरीला तिच्या पायाशी बसवले.

मोझार्टही प कडे जातो. पण तो बाराव्या बारात थांबतो, श्वास घेतो आणि चौदाव्या बारापासून नव्या पट्टीत नवीच सुरावट सुरू करतो. पाहुणा आल्याचे सर्वांना कळते. पहिल्या २८ बारांनंतर थोडी भटकंती, आणि ४२ व्या बारात सुरुवातीची सुरावट परत येते. नियमाने ती सा वरून यायला हवी. मोझार्ट ती म वरून आणतो. दोन्ही पेट्यांवर पहिले दोन बार म ला सा मानून वाजवा (नी कोमल होईल). घरी आल्यासारखे वाटेल, पण घर दुसऱ्याचे. खरा सा नंतर मिळतो. ही चलाखी कळायला मूळ सा कानात राहिलेला हवा. रागसंगीताच्या श्रोत्याला हे अवघड जाऊ नये, पण आपल्याकडे तानपुरा सा ची आठवण करून देत असतो; इथे तो नाही, आठवण स्वतः ठेवायची.

लय सुरुवातीला मिनिटाला ५० मात्रांच्या वर नेऊ नका. बाख वेगात घसरतो तो नेमका त्या उतरत्या चार ओळींत, कारण बोटांना वळण सापडते आणि ती पळतात.

प्रश्न: बरोक म्हणजे धृपद आणि क्लासिकल म्हणजे ख्याल, असे म्हटले तर चालेल का?
— गायनाचे विद्यार्थी, सूरसागर परिसर

उत्तर: अर्धे चालेल. जुनी शैली नव्या शैलीच्या पोटात जिवंत राहते, हे दोन्हीकडे खरे. बडोद्याच्या दरबाराचे उस्ताद फैयाज खाँ ख्यालापूर्वी नोमतोम आलाप करत, कारण आग्रा घराण्याने धृपद अंगाशी नाते तोडले नव्हते. ज्युपिटरच्या शेवटात किंवा बीथोव्हेनच्या अखेरच्या क्वार्टेटांत फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या ओळींत पाठोपाठ येते अशी जुनी रचना) येतो तो असाच. ओपस १३१ ची तर सुरुवातच फ्यूगने होते.

पण मोकळिकीच्या बाबतीत तुलना उलटी होते. धृपदाकडून ख्यालाकडे येताना गाणाऱ्याची मोकळीक वाढली असे आपण मानतो. तिकडे बरोक गायकाला जास्त मोकळीक होती. हँडलच्या काळच्या एरियात (ऑपेरातल्या एकल गीतात) पहिला भाग, दुसरा भाग आणि पुन्हा पहिला अशी रचना असे, आणि परतलेला पहिला भाग गायकाने स्वतःच्या अलंकारांनी सजवायचा ही अपेक्षाच होती. तो जसाच्या तसा गायला तर श्रोते नाराज. कंटिन्युओवाला तर रोजच उपज करत होता. पुढे लिहिणारा एकेक गोष्ट स्वतःच्या हातात घेत गेला. बीथोव्हेनच्या पाचव्या पियानो कन्चर्टोत (१८०९) जिथे वादकाने स्वतःचे वाजवायची जागा असते तिथे त्याने लिहूनच टाकले की इथे स्वतःचे काही नको, छापले आहे ते वाजवा. एवढे ख्यालाच्या उलट दुसरे काही सापडणार नाही.

आणि धृपदात एका वेळी एकच सुरावट. बाखचा जीव दोन-तीन-चार सुरावटींच्या भांडणात आहे. ती गोष्ट तुलनेत कुठेच बसत नाही.

प्रश्न: बाखच्या काही रेकॉर्ड पेटीशी जुळत नाहीत, अर्धा सूर खाली लागतात. रेकॉर्डचा वेग चुकला आहे का?
— कोठी

उत्तर: नाही. आज ए हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरतात; जुन्या वाद्यांवर बरोक वाजवणारे बहुतेक ४१५ चा धरतात. बरोबर अर्ध्या सुराचा फरक. रेकॉर्डमधला सी तुमच्या पेटीवर पांढरी सात येतो. बाखच्या काळी सर्वत्र एकच पट्टी नव्हती, गावागणिक आणि ऑर्गनगणिक बदलायची. ४१५ हा आजच्या वादकांनी सोयीसाठी पाडलेला पायंडा आहे. क्लासिकल रचनांना तेच लोक ४३० च्या आसपास घेतात. कीबोर्डवर साथ करायची तर ट्रान्सपोज उणे एक करा.

तरीही काही स्वर किंचित वेगळे लागतील. आजच्या पेटीतला ग हा सा पासून ४०० सेंट (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट) अंतरावर असतो. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध ग ३८६ च्या आसपास. जुन्या जुळणीत नेहमीच्या पट्ट्यांतले ग शुद्धाच्या जवळ ठेवत आणि त्याची किंमत लांबच्या पट्ट्यांत मोजत. तुमचा कान तानपुऱ्यावर तयार झाला असेल तर ती जुळणी आवडेल.

प्रश्न: मुलगा पियानोच्या ग्रेड परीक्षांची तयारी करतो. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. बाख वाजवावा की मोझार्ट? आणि 'बाखचा मिन्युएट' म्हणून जो शिकवतात तो खरोखर बाखचा आहे का?
— प्रतापनगर

उत्तर: दुसरे आधी. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट बाखची पत्नी आना माग्डालेना हिच्या १७२५ च्या वहीत आहे, पण रचना ख्रिस्टियान पेट्झोल्डची. परीक्षेच्या फॉर्मवर पुस्तकात छापले असेल तेच नाव लिहा.

या कीबोर्डवर सध्या बाख. बाखची सगळी इन्व्हेंशन्स आणि 'वेल टेंपर्ड क्लाव्हियर' या त्याच्या कीबोर्ड-संग्रहाचा पहिला भाग (१७२२) जवळजवळ चार सप्तकांत बसतो. तुमच्याकडे पाच आहेत. हार्पसिकॉर्डचा आवाज निवडा आणि टच सेन्सिटिव्हिटी बंद करा. मग आवाजाची मदत उरत नाही, मुलाला स्वर केव्हा सोडायचा हे शिकावेच लागते. आठवड्यातून दोन दिवस असे, बाकी दिवस पियानोच्या आवाजात.

मोझार्टच्या पियानोलाही ६१ च पट्ट्या होत्या, पण एफपासून एफपर्यंत. तुमचा सीपासून सीपर्यंत आहे, म्हणजे खालच्या सात पट्ट्या नाहीत. सोप्या सोनाटांत त्याने फारसे अडत नाही. अडते ते वजनाचे. के. ५४५ मधला डावा हात कुजबुजीएवढा हवा आणि उजवा त्यावर. हलक्या पट्ट्यांवर हे बोटांना शिकवता येत नाही, मुलगा दोन्ही हात सारखे वाजवतो आणि मोझार्ट बालगीतासारखा ऐकू येतो. मोझार्ट पक्का करायचा तर हॅमर ॲक्शनचा ८८ पट्ट्यांचा कीबोर्ड नाहीतर खरा पियानो लागेल.

परीक्षेत गुण कापले जातात ते बहुतेक पुढच्या कारणांनी. बाखमध्ये पेडल: सुरुवातीला पायच लावू नये. बरोकमधला ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची भराभर अदलाबदल) वरच्या स्वरापासून आणि मात्रेवर सुरू करायचा. मुले खालून आणि मात्रेच्या आधी करतात. मॉर्डेंट मात्र खाली जाऊन परत, म्हणजे पहिल्या इन्व्हेंशनमधल्या नी वर नी-ध-नी. बाखने थोरल्या मुलासाठी १७२० मध्ये जी वही सुरू केली तिच्यात अलंकारांचा तक्ताच आहे, आणि तो बहुतेक छापील आवृत्त्यांच्या पुढच्या पानांवर सापडतो. मोझार्टमध्ये चूक वेगळी: विश्रांती खाल्ली जाते. दुसऱ्या बारातली गप्प मात्रा पूर्ण मोजा, बोट उचललेले दिसायला हवे.

प्रश्न: मुलगी चार वर्षे व्हायोलिन शिकते आहे (पाश्चात्य पद्धतीने). तिला विवाल्डीचे 'चार ऋतू' हवे आहे. गट स्ट्रिंग (आतड्याच्या तारा) लावाव्यात का? बरोक गज घ्यावा का?
— मदनझापा

उत्तर: आधी विवाल्डीचाच ए मायनर कन्चर्टो, ओपस ३ मधला सहावा. सुझुकी पद्धतीत तो चौथ्या पुस्तकात येतो. तिसरी पोझिशन पक्की झाली आणि पहिला भाग न अडखळता सलग तीनदा झाला की 'चार ऋतू'कडे जा (१७२५, ओपस ८ मधले पहिले चार कन्चर्टो). तिथेही 'हिवाळ्या'चा मधला संथ भाग प्रथम: सोलो सुरावट लांब श्वासाची, बाकीची व्हायोलिने बोटांनी तार छेडून पावसाचे थेंब पाडतात. 'उन्हाळ्या'चा शेवटचा भाग सगळ्यात शेवटी. त्यात एकाच स्वरावर गज भराभर मागेपुढे न्यावा लागतो; खांदा ताठ झाला की मनगट अडकते आणि मग स्वर विरतात.

गट स्ट्रिंग आत्ता नको. आतड्याची तार हवेतला ओलावा धरते. बडोद्याच्या पावसाळ्यात ती दर दहा मिनिटांनी जुळवावी लागेल आणि विद्यार्थिनीचा निम्मा तास खुंट्या पिळण्यात जाईल. सिंथेटिक गाभ्याच्या तारा पुरे. गजासाठीही खर्च नको. बरोक गजाची काठी बाहेर किंचित फुगलेली असते आणि टोकाकडे जोर कमी होतो. आजचा आत वळलेला गज १७८० च्या दशकात फ्रान्समध्ये तूर्तने पक्का केला, तो टोकापर्यंत सारखा जोर देतो. आहे त्याच गजावर पकड दोन बोटे वर सरकवली आणि गजाचा मधला तिसरा हिस्साच वापरला की बरोक गजाच्या जवळचा हलकेपणा येतो.